आबासाहेबांची एसटी जरा बाजूला ठेवू या

गणपतराव देशमुखांचं, म्हणजे आबासाहेबांचं नाव निघालं की दुसऱ्या वाक्यात एसटी येतेच. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे आमदार, अकरा वेळा निवडून आले, पण फिरायचे एसटीनं. ३० जुलै २०२१ ला, वयाच्या ९४व्या वर्षी ते गेले, त्या दिवशी माझ्या फोनवर तीस-चाळीस संदेश तरी आले असतील. जवळपास प्रत्येकात एसटी होती. आबासाहेब विधानसभेत उभे राहून कशावर बोलायचे, कुठल्या मंत्र्याला त्यांनी कशावरून अडवलं, याबद्दल एकाही संदेशात एक शब्द नव्हता.

एसटीची गोष्ट खरीच आहे. तक्रार आहे ती आपल्या सगळ्यांबद्दल. पन्नास वर्षं आमदार राहिलेल्या माणसाची आपल्याला आठवण काय, तर तो कशात बसून यायचा. एखाद्या सर्जनचं कौतुक करताना तो सायकलवरून दवाखान्यात यायचा एवढंच सांगावं आणि त्याच्या हातून किती रोगी बरे झाले ते विचारूच नये, तसं हे आहे. त्याच संदेशांत आणखी एक वाक्य होतं, हा देशातला विक्रम असल्याचं. केरळमधल्या पाला मतदारसंघातून के. एम. मणी तेरा वेळा निवडून आले होते, हे कुणी तपासलं नाही. संतचरित्रात आकडे तपासायचे नसतात, एवढंच त्याचं कारण.

आणि संतचरित्र सोयीचं असतं. ‘असा माणूस पुन्हा होणे नाही’ असं एकदा म्हटलं की उरलेल्या २८७ जणांना सूट मिळते. ते बिचारे साधे संसारी लोक, त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची! साधेपणा हा गुण आहे, मला त्याचं मोल आहे. पण लाल डब्यातून येऊन सभागृहात पेंगणारा आमदार आणि महागड्या गाडीतून येऊन विधेयकाचं कलम न् कलम वाचणारा आमदार, यांतला एक निवडायचा असेल तर मी दुसरा निवडेन. गणपतराव लक्षात ठेवण्यासारखे आहेत ते वेगळ्याच कारणांसाठी, आणि ती कारणं आज अनेकांना अडचणीची वाटतील.

ते पहिल्यांदा निवडून आले १९६२ मध्ये. महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. त्याच वर्षी १ मे रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्या वेळची मांडणी सरळ होती. गावचा रस्ता, शाळा, दवाखाना, पिण्याचं पाणी जिल्हा परिषदेनं आणि पंचायत समितीनं बघायचं. आमदारानं मुंबईत आणि नागपुरात बसून कायदे करायचे, सरकारचं अंदाजपत्रक तपासायचं, मंत्र्यांना जाब विचारायचा. या मांडणीचं पुढं काय झालं ते कुठल्याही गावाच्या वेशीवर दिसतं. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी पेव्हर ब्लॉकचा शे-सव्वाशे फुटांचा तुकडा आहे. त्याच्यावर ‘यांच्या प्रयत्नातून’ अशी फोटोसह कमान आहे. ब्लॉक दोन पावसाळ्यांत उखडले, कमान अजून ठणठणीत आहे. आमदार निधी आता वर्षाला पाच कोटींवर गेला आहे, आणि आमदाराची किंमत त्या पाच कोटींच्या वाटपावरून होऊ लागली आहे. जोडीला लग्नं, दशक्रिया, बदल्यांची पत्रं आणि दवाखान्यातलं बिल कमी करायचे फोन. यात कायदा करणारा माणूस कुठं राहिला, हे त्यालाही आठवत नसेल.

सभागृहातलं काम लोकांना दिसत नाही, म्हणून त्याला मोल नाही असं आपण धरून चाललो आहोत. तारांकित प्रश्न लागला की मंत्र्याला उठून तोंडी उत्तर द्यावं लागतं, वर उपप्रश्न येतात. त्या एका उत्तरासाठी सचिवालयापासून तहसीलपर्यंत फायली हलतात, अमुक योजनेच्या पंपगृहाचं काम का थांबलं याचं कारण कुणाला तरी कागदावर लिहून द्यावं लागतं, आणि ते कारण कायमचं नोंदलं जातं. लक्षवेधीचंही तसंच. हे हत्यार सत्तेतल्या आमदारापेक्षा विरोधातल्या आमदाराच्या हातात जास्त चालतं, कारण सत्तेतल्याला आपल्याच मंत्र्याला अडचणीत आणायचं नसतं. अधिवेशनं मात्र आखडत चालली आहेत. नागपूरचं हिवाळी अधिवेशन तर हुरडा खाऊन यावं तसं उरकतं. त्यावर मोर्चा निघाल्याचं मी ऐकलेलं नाही.

गणपतरावांची कारकीर्द मला महत्त्वाची वाटते ती इथं. १९६२, १९६७, मग १९७२ ला पराभव. १९७४ च्या पोटनिवडणुकीत पुन्हा विजय, तिथून १९९० पर्यंत सलग. १९९५ ला शहाजीबापू पाटलांकडून १९२ मतांनी पराभव. १९९९ पासून २०१४ पर्यंत पुन्हा चार वेळा विजय. या एवढ्या काळात ते मंत्री होते फक्त दोनदा. १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद सरकारात, आणि १९९९ नंतर विलासराव देशमुखांच्या सरकारात, जिथं त्यांच्याकडं पणन आणि रोजगार हमी ही खाती होती. दोन्ही मिळून जेमतेम चार-पाच वर्षं. बाकीचा सगळा काळ खुर्चीविना गेला. काही काळ ते विरोधी पक्षनेतेही होते. पक्ष एकच, शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप. झेंडा एकच, लाल.

आता हे आजच्या राजकारणातल्या सर्वांत लाडक्या वाक्याशेजारी ठेवून बघा. ‘विरोधात राहून मतदारसंघाची कामं होत नाहीत.’ गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात जेवढे आमदार इकडून तिकडे गेले, त्यातल्या बहुतेकांनी हेच कारण दिलं. निधी मिळत नव्हता, लोकांना तोंड दाखवता येत नव्हतं, विकासासाठी जावं लागलं. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ चा. २००३ च्या घटनादुरुस्तीनं एक तृतीयांश आमदार घेऊन फुटण्याची वाटही बंद केली. तरी वाटा सापडत राहिल्या. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं शिवसेनेच्या फुटीवर निकाल दिला, आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय विधानसभेच्या अध्यक्षांवर सोपवला, आणि १० जानेवारी २०२४ ला अध्यक्षांनी दोन्ही गटांतल्या एकालाही अपात्र ठरवलं नाही. म्हणजे कायद्यानं अडवायचं तेवढं अडवून झालं. उरला प्रश्न मतदाराचा. विकासासाठी गेलो, हे त्याला पटतं का?

योगायोग असा की या फुटीतलं सर्वांत गाजलेलं वाक्य सांगोल्याच्याच आमदाराचं. जून २०२२ मध्ये गुवाहाटीच्या हॉटेलातून शहाजीबापूंनी कार्यकर्त्याला फोनवर सांगितलं, काय झाडी, काय डोंगार, काय हाटील. आठवडाभरात सांगोला अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक झालं. गणपतरावांच्या अकरा विजयांनी झालं नव्हतं इतकं. मला शहाजीबापूंची टिंगल करायची नाही. ज्या माणसानं गणपतरावांसारख्याला त्यांच्या घरात १९२ मतांनी पाडलं आणि त्यानंतरही वर्षानुवर्षं हरत लढत राहिला, त्याच्या चिवटपणाला दाद द्यायलाच हवी. पण एकाच तालुक्यानं दोन तऱ्हेचे आमदार पाहिले, आणि विकासासाठी सत्ता लागते हे म्हणणं खरं असेल तर सांगोल्याच्या लोकांनी गणपतरावांना अकरा वेळा का निवडून दिलं, याचं उत्तर कुणीतरी द्यायला हवं.

सोपं उत्तर म्हणजे जात. सांगोल्यात धनगर समाज मोठा, गणपतराव त्या समाजाचे. हे खोटं नाही. काही निवडणुकांत राष्ट्रवादीची साथ होती, हेही खोटं नाही. पण १९७२ ला आणि १९९५ ला समाज तिथंच होता, तेवढाच होता, आणि तरी ते पडले. एकट्या जातीवर पन्नास वर्षं निघत असती तर महाराष्ट्रात असे पंचवीस गणपतराव दिसले असते.

माझं उत्तर वेगळं आहे. सांगोला हा माणदेशाचा भाग. वर्षाला साडेचारशे-पाचशे मिलीमीटर पाऊस, तोही मर्जी असेल तर. माण नदी बहुतेक महिने वाळूचीच. इंग्रजांच्या काळातला राजेवाडीचा तलाव आणि बुद्धिहाळचा तलाव भरला तर भरला. अशा मुलखात सत्तेतला आमदार काय आणतो? टँकर, चारा छावणी, फार तर एखादा पाझर तलाव. गणपतरावांच्या राजकारणानं मागणीच बदलली. १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषद भरू लागली. पुढं क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, सोबत गणपतराव आणि भारत पाटणकर. तेरा दुष्काळी तालुक्यांचे लोक एकत्र आले आणि म्हणू लागले, आम्हाला टँकर नको, कृष्णेच्या पाण्यात आमचा वाटा द्या. आणि तो वाटाही समन्यायी हवा. जमीन जास्त म्हणून पाणी जास्त असं नको, भूमिहीनालाही त्याच्या कुटुंबाचा हिस्सा हवा. ‘द्या’ म्हणणाऱ्याला ‘आमचं आहे’ म्हणायला शिकवणं, यालाच मी राजकारण म्हणतो. मागणारा माणूस सत्तेतल्याच्या दारात जातो. हक्क सांगणाऱ्याला विरोधी बाकावरचा आमदारही चालतो, किंबहुना तोच बरा पडतो.

शिवाय सत्ता नसतानाही उभं करता येतं असं काही त्यांनी करून दाखवलं. सांगोल्याची शेतकरी सहकारी सूत गिरणी हे त्याचं उदाहरण. दुष्काळी मुलखात गिरणी काढायची, ती चालवायची, आणि चालवताना बुडवायची नाही. यातला शेवटचा भाग महाराष्ट्रातल्या सहकाराला सर्वांत अवघड गेला आहे, हे वेगळं सांगायला नको.

पण चित्र इतकं नितळ नाही. पाण्याचंच बघा. कृष्णा पाणीवाटपाचा बच्छावत लवादाचा निवाडा १९७६ चा. महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट), आणि त्या वाटपाचा फेरविचार २००० सालानंतर. तोवर आपलं पाणी अडवलं नाही तर हातचं जाईल, या भीतीनं १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ निघालं, कर्जरोखे काढून पैसा उभा राहिला, आणि टेंभूसारख्या योजनांना वेग आला. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं चढवत कडेगाव, खानापूर, आटपाडी करत सांगोल्यापर्यंत न्यायचं. नेमकी ती चार वर्षं, १९९५ ते ९९, गणपतराव विधानसभेत नव्हते. म्हणजे ज्या पाण्यासाठी त्यांनी आयुष्य घालवलं, त्याचा मोठा निर्णय त्यांच्या गैरहजेरीत आणि त्यांच्या विरोधातल्या सरकारनं घेतला. यावरून विकासवाले म्हणतील, बघा, शेवटी सत्ताच कामाला आली.

अर्धं कबूल आहे. निर्णय सत्ताच घेते. पण कुठला निर्णय घ्यावा लागेल हे सत्ता ठरवत नाही. महामंडळाला पाणी अडवायची घाई होती लवादाच्या मुदतीमुळं. ते उचललेलं पाणी दुष्काळी टोकापर्यंत जावं, ही ओढ परिषदेनं लावली. आणि निर्णयानंतरची पुढची वर्षं बघा. योजना रखडल्या, पैसा संपला, पंप बसले तर वीजबिल कोण भरणार म्हणून बंद राहिले. शेवटी बिलाचे ८१ टक्के शासनानं आणि १९ टक्के शेतकऱ्यानं भरायचे असं ठरलं, तेव्हा कुठं घडी बसू लागली. उद्घाटनाच्या फितीनंतर सुरू होणारं हे काम सर्वांत कंटाळवाणं. आवर्तन कधी, कालव्याच्या शेवटाला पाणी का पोचत नाही, वरच्या तालुक्यानं दारं का उघडली. त्यासाठी एक माणूस वर्षानुवर्षं तोच प्रश्न विचारत बसावा लागतो. दर अडीच वर्षांनी गाडी बदलणाऱ्याला ते जमत नाही, कारण मागच्या सरकारात रखडलेल्या कामाबद्दल त्याला स्वतःलाच जाब विचारावा लागेल.

विधिमंडळ काय करू शकतं याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण रोजगार हमीचं. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला वि. स. पागे यांनी तो प्रयोग केला, ७२ च्या दुष्काळानं तो राज्यभर नेला, १९७७ मध्ये कायदा झाला. पागे मंत्री नव्हते, विधान परिषदेचे सभापती होते. खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवर दरमहा कापले जाणारे ते दोनशे रुपये म्हणजे माणदेशातल्या खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी. पुढं २००५ ला देशानं त्याच धर्तीवर कायदा केला. एवढं काम पाच कोटींच्या कुठल्या निधीतून होणार होतं? त्याच रोजगार हमीचं खातं गणपतरावांकडं आलं तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला ते खातं कागदावरून शिकावं लागलं नसणार.

आता त्यांच्याविरुद्धचा जमाखर्चही मांडायला हवा. १९६७ मध्ये शेकापचे १९ आमदार होते. २०१४ मध्ये ते शेवटचे निवडून आले तेव्हा पक्षाचे तीन उरले होते. रायगड आणि सांगोला ही दोन बेटं, बाकी पाणीच पाणी. गड राखला, मुलूख गेला. मराठवाड्यातला, कोल्हापूरकडचा शेकाप विरत असताना सांगोल्याच्या आमदाराचा दबदबा वाढतच होता, आणि पक्षातल्या कुणाला ही विसंगती सलली असं दिसलं नाही. पन्नास वर्षांत तालुक्यात कार्यकर्त्यांची फळी उभी राहिली, पण त्यातून दुसरा आमदार घडला नाही. २०१९ ला वयामुळं ते थांबले. उमेदवारी कुणाला? नातवाला. डॉ. अनिकेत देशमुख ७६८ मतांनी पडले, पाडलं पुन्हा शहाजीबापूंनीच. २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख उभे राहिले आणि २५ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. ते विधानसभेत शेकापचे एकमेव आमदार.

घराणेशाहीवर एरवी तावातावानं बोलणारे आपण इथं गप्प बसतो, कारण आजोबा एसटीनं फिरायचे. हा साधेपणाच्या भक्तीचा दुसरा तोटा. जो पक्ष दाभाडी प्रबंधात, म्हणजे आपल्या धोरणाच्या जाहीरनाम्यात, मार्क्सवादाची भाषा बोलला, त्याला तालुक्यातल्या हजारो कार्यकर्त्यांत वारस सापडेना, तो घरात सापडला. नातू कर्तबगार निघतीलही, निघावेत. त्यांनी मतं मागितली आणि लोकांनी दिली, त्यात गैर काही नाही. पण आजोबांना १९६२ ला कुणाचं आडनाव नव्हतं.

आणि पुलोद? गणपतराव ज्या सरकारात पहिल्यांदा मंत्री झाले ते सरकारच एका फुटीतून जन्माला आलेलं होतं, वसंतदादांचं सरकार पाडून. शेकाप फुटला नव्हता, पण फुटलेल्यांच्या पंगतीला बसला होता. हे त्यांच्या चाहत्यांना सांगितलं की ते विषय बदलतात. मला तसं करावंसं वाटत नाही. कारण हा हिशोब मांडता येतो, तो माणूस पक्का एका जागी उभा होता म्हणून. त्यांच्या प्रत्येक वळणाला विचारता येतं की भाई, हे का केलंत? तीन पक्ष फिरून आलेल्या आमदाराला कुठल्या वळणाबद्दल विचारणार?

विधानसभेत बोललेला शब्द न् शब्द छापला जातो. १९६२ पासूनचे ते जाडजूड खंड विधानभवनाच्या ग्रंथालयात आहेत. सांगोल्यातल्या कुठल्या कॉलेजच्या राज्यशास्त्र विभागानं पाच-सहा मुलांना बसवून त्यातून गणपतरावांचे पाण्यावरचे प्रश्न वर्षवार काढून घेतले तर? अमुक साली प्रश्न विचारला, मंत्री अमुक, उत्तर अमुक, आणि त्या उत्तरातलं आश्वासन पुरं व्हायला लागलेली वर्षं अमुक. काही प्रश्न वीस-वीस वर्षं तेच सापडतील, असा माझा अंदाज. काही ठिकाणी आबासाहेब गप्प बसलेलेही दिसतील, मंत्रिपदाच्या काळात विशेषतः. तेही छापावं. सांगोल्याच्या एसटी स्टँडवर त्यांच्या आठवणीसाठी काही लावायचंच असेल तर ती यादी लावा, आणि तिच्या शेजारी सध्याच्या आमदारांच्या प्रश्नांसाठी जागा कोरी सोडा. दर अधिवेशनानंतर कुणीतरी भरत जाईल.